कोणाचं नाव घेऊ

मॅडमनी माझ्या कमरेला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं.

दाराला बांधतात ते तोरण. बाजारातून आणलेलं, सुतळीत ओवलेलं. नायलॉनच्या साडीवर ते बसेना, म्हणून त्यांनी सेफ्टी पिना लावल्या. पुढून लावल्या, मग मला वळवलं आणि मागून लावल्या. मी दोन्ही हात वर करून उभी होते. झडतीला उभं राहतात तशी. तुरुंगात ती सवयच होते. कोणी अंगाजवळ आलं की हात आपोआप वर जातात.

"आमच्या वाडीत कोन पानं नेसत न्हाय," मी म्हणाले.

"माहीत आहे हो ताई," मॅडम म्हणाल्या. "पण पाहुण्यांना कळायला नको का, तुम्ही आदिवासी आहात ते?"

मग गालावर पांढरे ठिपके दिले. कुंडीला लावतात तो रंग. वाळला तसा गाल ओढला गेला.

आमच्या बराकीत आम्ही बारा जणी होतो. त्यात कातकरी मी एकटी. त्या दिवशी बाराही जणींना पानं लावली, बाराही जणींना ठिपके दिले. माझ्या शेजारी हिरा होती, कोळीण, रेवदंड्याची. तिने ठिपक्यांसाठी गाल पुढे केला आणि विचारलं, "मॅडम, आता मला पन जातीचा दाखला भेटंल काय?"

मॅडम हसल्या. त्यांना ते गोड वाटलं.

मी हसले नाही. मला काहीच वाटत नव्हतं. राग यायला हवा होता. माझा राग आमच्या वाडीत आणि अलिबागच्या बाजारात प्रसिद्ध आहे. तो आला नाही. मी पाहिलं तर आत काही नव्हतं. उन्हाळ्यात खाडीकाठचं खाजण सुकतं आणि वरचा चिखल तडकतो, तसं.

मी तिथे कशी आले ते सांगते. तुरुंग कुठला ते सांगत नाही. सांगून काही फरक पडणार नाही.

आमची वाडी खाडीच्या काठाला आहे. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरणं आमच्यातल्या सगळ्यांना येतं. विकणं कोणाला येत नव्हतं. माझी आई ओहोटीला कमरेएवढ्या चिखलात उभी राहायची, तिवरांच्या मुळांत हात घालायची, बोटं चावून घ्यायची, आणि वर येऊन व्यापारी म्हणेल त्या भावाला टोपली रिकामी करायची. व्यापारी तिच्याशी बोलायचासुद्धा नाही. टोपलीशी बोलायचा.

मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकले. काटा वाचता यायला लागला. लग्नानंतर मी व्यापाऱ्याला माल देणं बंद केलं. स्वतःचा काटा घेतला आणि अलिबागच्या रस्त्याला जे बंगले झालेत त्यांच्या दारात जायला लागले. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात. त्यांना जिवंत चिंबोरी लागते. भाव मी सांगते. त्यांनी पाडला की टोपली डोक्यावर घेते आणि चालू लागते. दहा पावलांत हाक येते. नाही आली तर मी मागे वळत नाही. असं करून मी घराला पत्रे घातले, भावाचं लग्न लावलं. माझ्यावर कोणी उपकार केलेले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते.

एका रविवारी एका बंगल्याच्या व्हरांड्यात मी चिंबोऱ्या मोजून देत होते. मालकांच्या मुलाचा मोबाईल सापडेना. पाहुणे बसलेले. झोपाळ्यावर दोघे, खुर्च्यांवर चारपाच. मालकांनी वॉचमनला बोलावलं आणि सांगितलं, "हिला तपास. या लोकांना सवय असते."

आवाज चढवून नाही. पंखा बंद कर म्हणावं तसं.

वॉचमनने मला पदर काढायला लावला. झटकायला लावला. मी झटकला. पाहुण्यांपैकी एक बाई दुसरीकडे बघत राहिल्या. मग वॉचमन म्हणाला, "पोलक्यात काय हाय?" आणि हात पुढे केला. माझ्या हातात एक किलोचं वजन होतं. ते त्याच्या तोंडावर बसलं. जबडा मोडला.

मोबाईल संध्याकाळी झोपाळ्याच्या गादीखाली सापडला. चोरीची तक्रार त्यांनी मागे घेतली. जबड्याची राहिली. ती खरी होती, मी मारलं होतं. वॉचमनही पोटासाठी उभा होता. त्याला लागलं याचं वाईट वाटतं का असं पुढे भेटलेल्या एका वकिलीणबाईंनी मला विचारलं. तेव्हा नाही वाटलं. आता थोडं वाटतं. मारायचं होतं त्याला मी मारलं नाही, याचं जास्त वाटतं.

कोर्टाने मला जामीन दिला. दिला म्हणजे कागदावर. जामीनदार आणा म्हणाले. ज्याच्या नावावर सातबारा आहे किंवा ज्याला पगार आहे असा माणूस. आमच्या वाडीत तसा माणूस नाही. आमची घरं ज्या जागेवर आहेत ती जागा दुसऱ्याच्या नावावर आहे. नवरा वीटभट्टीवर. त्याच्याकडे दाखवायला स्वतःशिवाय काही नाही. म्हणून मला जामीन मिळाला आणि मी आत राहिले.

हिराचंही तसंच. मासळी वाळत घालायच्या जागेवरून दोन घरांत भांडण झालं, ढकलाढकलीत एक म्हातारी पडली आणि गेली. हिराचं नाव पुढे आलं. तिलाही जामीन कागदावर होता. दिरांकडे घर होतं, होडी होती. ते म्हणाले, आम्ही जामीन राहणार नाही. हिराची मुलगी सासूकडे होती. हिरा रोज तिचं वय मोजायची. आता तिला पाचवं लागलं, आता पाचवं अर्धं सरलं.

पाच महिन्यांनी माझा भाऊ मुलाखतीला आला. जाळीच्या पलीकडे उभा राहिला. खाली बघून म्हणाला, "आई गेली."

"कदी?"

"अकरा दिस झालं."

"गानं कोनी म्हटलं?"

"कोनी न्हाय. तुलाच येतं ना ते."

हे गाणं काय आहे ते सांगायला हवं. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमच्या वाडीत माणूस गेलं की त्याला वाट सांगावी लागते. ती वाट गाण्यात आहे. घरातून निघ, विहिरीच्या अंगाने जा, तिवरांतून खाली उतर, मिठागराचा बांध धर, पाय भिजवू नको, समोर डोंगर दिसेल, तिथे तुझी माणसं आहेत. असं. गाण्याची पहिली ओळ म्हणजे मेलेल्याचं नाव. नाव घेतल्याशिवाय गाणं सुरूच होत नाही. कोणाला वाट सांगताय ते आधी सांगायला नको का? एकदा सुरू केलं की मध्ये सोडायचं नाही. ज्याचं त्याला एकदाच म्हणायचं. एकीने दुसरीला शिकवायचं. आईने ते मला शिकवलं होतं. वाडीतल्या कितीतरी माणसांना तिने वाट सांगितली. आणि तिला कोणी सांगितली नाही.

मी बराकीत आले. जेवण आलं होतं ते बाजूला ठेवलं. मोरीच्या भिंतीकडे तोंड करून बसले आणि आईचं नाव घेतलं. मग वाट सांगितली. तुरुंगातून वाडी दिसत नाही, पण मी वाडीतूनच सुरू केलं. आवाज मोठा नव्हता. बाहेर शिपाईबाई आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. हिरा येऊन माझ्या पाठीशी बसली. ती मला चिकटली नाही. पाठीला पाठ लावून बसली.

गाणं संपल्यावर मला भूक लागली. आत आल्यापासून पहिल्यांदा. मी जेवले. रडले नाही.

हिरा म्हणाली, "परत म्हन ना."

"परत म्हनायचं नसतं."

ती म्हणाली, "माझा बाप दर्यात गेला. सापडला न्हाय. त्याला चालंल?"

आमच्यात समुद्रात गेलेल्याला चालतं की नाही मला माहीत नव्हतं. मी विचार केला आणि म्हणाले, चालंल. तिने बापाचं नाव सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी म्हटलं. वाट उलटी सांगितली, पाण्यातून वर येण्याची. त्यानंतर हिराने मुलीचं वय मोजणं थांबवलं नाही, पण रात्रीचं दात खाणं थांबवलं. मी एवढंच पाहिलं. जास्त काही सांगत नाही.

मॅडम त्याच्या आधीपासून येत होत्या. त्यांची संस्था होती. आदिवासी संस्कृतीतून कैद्यांचं पुनर्वसन, असा फलक घेऊन त्या यायच्या आणि कार्यशाळेच्या भिंतीवर लावायच्या. जाताना काढून न्यायच्या. आम्हाला मडकी द्यायच्या आणि त्यावर त्रिकोणाची माणसं काढायला लावायच्या. पहिल्याच दिवशी मी म्हणाले होते, "मॅडम, ही चित्रं आमची न्हाय. ती डहाणू-जव्हारकडच्या लोकांची."

"असू दे हो. सगळं एकच आहे," त्या म्हणाल्या होत्या. मला बोलतं केल्याबद्दल त्यांनी वहीत काहीतरी लिहूनही घेतलं.

शिपाईबाईंकडून त्यांना कळलं की मी गाते. मोठे पाहुणे येणार होते, मुंबईचे, त्यांच्या हातात संस्थेला मदत देणं होतं. मॅडमना कार्यक्रम हवा होता.

"ते गाणं बसवू या," त्या म्हणाल्या.

"न्हाय बसत ते."

"का?"

"मेलेल्याचं हाय."

"लय किती छान आहे त्याची. थोडी वाढवली की झालं."

मी दुसरं देते म्हणाले. लग्नाचं आहे, शिमग्याचं आहे. त्यांना तेच हवं होतं. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाल्या की संस्थेचे एक विश्वस्त आहेत, त्यांची इकडे जमीन आहे. ते माझे जामीनदार राहू शकतील. मी सहकार्य केलं तर.

खरं सांगते, मला तिथेच भाव कळला. गिऱ्हाईक मालापेक्षा वेळेला अडलेलं होतं.

"दोघींचा," मी म्हणाले. "माझा आन् हिराचा."

"एकीचं बोलले मी."

मी मडकं खाली ठेवलं आणि दाराकडे चालू लागले. तुरुंगात दहा पावलं चालायला जागा नसते. सहाव्या पावलाला हाक आली.

"बरं, दोघींचा. पण कार्यक्रम झाल्यावर."

इथे मी चुकले. मी कधी माल आधी देत नाही. पण आत वर्ष होत आलं होतं. मी हो म्हणाले. आणि हो म्हणताना मनात एक हुशारी केली. गाण्यातलं नाव काढून टाकायचं. पहिली ओळ गाळायची, नुसता सूर लावायचा आणि दुसऱ्या ओळीपासून सुरू करायचं. नाव नाही तर ते कोणालाच उद्देशून नाही. म्हणजे ते गाणंच नाही. मॅडमना वाटेल भरलेली टोपली घेतली, आणि आत नुसता पाला. मला त्याचा आनंद झाला होता. हे लपवत नाही.

बाकी अकरा जणींना मी ते शिकवलं. मॅडमनी लय वाढवली. टाळ्या घातल्या. पाय बडवत गोल फिरायचं. मिठागराच्या बांधाशी दोन टाळ्या, डोंगर दिसला की गिरकी. त्यांचा माणूस कॅमेरा घेऊन तालीम टिपायचा. तिसऱ्या दिवशी हिराने मला बाजूला घेतलं.

"यात पाप न्हाय ना गं?"

"नाव न्हाय तर पाप न्हाय."

"नक्की?"

"नक्की."

मला नक्की माहीत नव्हतं. असं आधी कोणी केलंच नव्हतं, तर माहीत कोणाला असणार?

मग तो दिवस. तोरण, पिना, ठिपके, आणि कॅमेऱ्यासमोर एक शेवटची तालीम. मांडवात खुर्च्या. पुढच्या रांगेत पाहुणे साहेब, शेजारी मॅडम, मागे अधिकारी. एक तरुण मुलगा कागद बघून माईकवर बोलत होता. तो म्हणाला, "एके काळी गुन्हेगार समजली गेलेली ही जमात. आज कलेच्या माध्यमातून आपण तिला माणसांत आणण्याचा प्रयत्न करत आहोत. सादर आहे, कातकरी बांधवांचं पारंपरिक आनंदगीत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसांत आणण्याला की आनंदगीताला, कळलं नाही.

आम्ही सुरू करणार, तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. चांगला माणूस असावा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "आधी अर्थ सांगा ना. म्हणजे जास्त आनंद घेता येईल."

मुलाने माईक माझ्या हातात दिला.

मी सांगू शकले असते की सुगीचं आहे. मॅडमनी तसंच शिकवून ठेवलं होतं. हिरा माझ्याकडे बघत होती. तिच्या ओठांवर ठिपक्याचा रंग आला होता. तिने मान हलवली. सांग, सुगीचं सांग.

मी म्हणाले, "साहेब, हे मेलेल्याचं गानं हाय. पहिल्या ओळीत मेलेल्याचं नाव येतं. ते आम्ही गाळलंय. म्हनून ते खोटं हाय. तुम्हाला खरं ऐकायचं आसंल तर म्हनते. नाव द्या. कोनाचं नाव घेऊ?"

मॅडम हसून म्हणाल्या, "ताई गंमत करतात."

"गंमत न्हाय मॅडम. तुमचं घेऊ?"

त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या.

"साहेबांचं घेऊ? यांच्यातल्या कोनाचं घेऊ? एक नाव द्या. पुरं म्हनते. नाचून म्हनते."

मी चिडून बोलत नव्हते. भाव सांगावा तसं सांगत होते. समोर इतकी माणसं होती आणि एकालाही स्वतःचं नाव द्यायचं नव्हतं. म्हणजे गाणं काय आहे ते त्यांना कळलं होतं. आम्ही मेलेलो त्यांना चालत होतो.

मी माईक खाली ठेवला आणि पिना काढायला लागले. एकेक. शिपाईबाई धावत आल्या. मला वाटलं मारतील. त्यांनी हात पुढे केला आणि पिना घेतल्या. बराकीत पिन चालत नाही. त्यांनी त्या मोजून घेतल्या. तोरण तिथेच पडलं.

कार्यक्रम दुसऱ्या कुठल्याशा भाषणावर संपला.

त्या रात्री मला काही शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं. हिराने माझ्याशी बोलायला तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी भांडी घासताना माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझं नाव घ्यायचंस."

मी भांडं खाली ठेवलं.

"हिरा म्हनायचंस आन् गायचंस. मला मारून टाकायचंस त्या गान्यात. माझं काय जानार होतं? मी सुटली तर आसती. पोरीकडं गेली आसती."

मी माझ्या आईसाठी, माझ्या वाडीसाठी बोलले असं लोक मला सांगतात. बोलले ते खरं. पण सौदा मी दोघींचा केला होता आणि मोडला एकटीने. हेही तितकंच खरं.

पुढे सात महिन्यांनी मोफत मदतीच्या एक वकिलीणबाई आल्या. त्यांनी अर्ज केला आणि कोर्टाने मला जातमुचलक्यावर सोडलं. म्हणजे जामीनदार नको, माझ्या स्वतःच्या सहीवर. मी त्यांना विचारलं, हे आधी करता आलं असतं का? त्या म्हणाल्या, "आलं असतं. कोणी अर्जच केला नव्हता."

हिराच्या खटल्यात माणूस मेलेलं आहे. तिला नुसत्या सहीवर सोडत नाहीत. ती आत राहिली.

मी वाडीत आले. खटला माझा अजून चालू आहे. तारखेला अलिबागला जाते, उभी राहते, पुढची तारीख घेते. बाकी चिंबोऱ्या. आल्यावर महिनाभरातलीच गोष्ट. भावाची मुलगी अंगणात मैत्रिणींबरोबर गोल फिरत होती. दोन टाळ्या. गिरकी. मिठागराचा बांध धर, पाय भिजवू नको.

मी हातातली टोपली खाली ठेवली.

"कोनी शिकवलं तुला ते?"

"मोबाईलवर आलंय आत्या. तू पन हायस त्यात. पाल्याची."

तिने मला दाखवलं. आमची ती शेवटची तालीम होती, पानं लावल्यावरची. बारा जणी टाळ्या वाजवत होत्या. मी मध्ये होते. खाली लिहिलं होतं, कातकरी आनंदगीत. पहिल्या ओळीच्या जागी नुसता सूर होता. तो मीच लावला होता.

मॅडमना मी फसवलं असं मला वाटत होतं. मी फसवलं होतं आमच्याच लोकांना. पाला भरलेली टोपली आमच्याच अंगणात उतरली होती आणि पोरी त्यावर नाचत होत्या. उद्या या वाडीत कोणी गेलं, मी गेले, तर ही पोर गाणं म्हणेल आणि नाव घेणार नाही. तिला ठाऊकच नाही की तिथे नाव असतं.

मी भाचीला समोर बसवलं. आजीचं नाव पहिल्या ओळीत घातलं आणि सगळं परत शिकवलं. शिकवायला परत म्हटलं तर चालतं. टाळ्या काढल्या. तिला कंटाळा आला. मी उठू दिलं नाही.

मग मॅडम वाडीत आल्या. गाडी रस्त्याला ठेवून चालत आल्या. मला बघून त्यांना बरं वाटलं असं म्हणाल्या आणि ते खोटं वाटलं नाही. त्यांनी पिशवीतून कागद काढला. आमच्या तालमींवर केलेली फिल्म कुठल्याशा मोठ्या महोत्सवाला पाठवायची होती. त्यासाठी माझी लेखी संमती लागत होती. मुख्य गायिका मी.

"आधी ते मोबाईलवरचं काढा," मी म्हणाले.

"ताई, ते आता लोकांचं झालं. किती जणांनी पाहिलंय."

"लोकांचं न्हाय. ते कोनाचंच न्हाय. त्यात नाव न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "हिरा अजून आत आहे ना? तुम्ही सही करा. मी उद्याच आमच्या विश्वस्तांना कोर्टात पाठवते. या वेळी आधी जामीन, मग फिल्म. तुमच्या अटीवर."

माझ्या अटीवर. त्या शिकल्या होत्या.

भाऊ बाजूला उभा होता. तो म्हणाला, "कर ना सही. बाई सुटंल."

मी कागद हातात घेतला. मला वाचता येतं. त्यात लिहिलं होतं की हे आमचं परंपरेने चालत आलेलं आनंदगीत असून मी ते स्वखुशीने सादर केलं आहे. मी तीनदा वाचलं. पेन मॅडमनी उघडून पुढे धरलं होतं. एक सही. आणि हिरा तिच्या मुलीकडे. कोणाला काय तोटा? मेलेली माणसं तक्रार करायला येत नाहीत.

मी म्हणाले, "हे खोडा. मेलेल्याचं गानं लिहा. नाव गाळून, पानं लावून, जामिनाच्या लालचीनं म्हनवून घेतलं आसं लिहा. मंग करते सही."

"असं कसं लिहिणार?"

"मंग न्हाय."

त्या निघाल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. दहा पावलं झाली. पंधरा झाली. या वेळी हाक मीच मारायला हवी होती, हिरासाठी. तोंड उघडलं नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

पुढच्या आठवड्यात मी हिराला भेटायला गेले. जाळीपलीकडे ती आली. बारीक झाली होती. मी तिला सगळं सांगितलं. कागद, सही, विश्वस्त. लपवलं काही नाही. तिने ऐकून घेतलं.

"मंग न्हाय केलीस सही."

"न्हाय."

"आन् हे सांगाया आलीस."

"व्हय. आन् जामीन मी बघते हे सांगाया."

"कोन राहील? तुझ्याकडं कोन हाय?"

"कोन न्हाय. पन बघते."

"किती दिस?"

"म्हाईत न्हाय."

ती जाळी सोडून आत गेली. भेटीचा वेळ अजून शिल्लक होता. मी तो संपेपर्यंत तिथेच उभी राहिले.

आता मी काय करते ते सांगते. या पट्ट्यातले बंगले मला पाठ आहेत. प्रत्येक मालकाच्या नावावर सातबारा आहे. मी टोपली घेऊन जाते. चिंबोऱ्या दाखवते. ते भाव विचारतात. मी हिराचे कागद काढते. जामीनदार राहता का, एवढं विचारते. ती तुझी कोण, असं विचारतात. कोणी नाही, म्हणते. मी काय केलं, ती काय म्हणून आत आहे, सगळं सांगते. बहुतेक जण दार लावतात. काहींनी वॉचमनला सांगून ठेवलंय, मला फाटकातून सोडायचं नाही. जिथे दार लागलं तिथे मी परत माल देत नाही, मग शनिवारी कितीही हाका येवोत. गिऱ्हाईकं निम्मी झालीत. नवरा ओरडतो. ओरडू दे.

वकिलीणबाईंकडून एक अर्ज मी अजून लिहून घेतलाय, ते मोबाईलवरचं काढून टाकण्यासाठी. त्याचं उत्तर आलेलं नाही. आलं नाही तर दुसरा लिहीन.

हिरा मला माफ करेल असं मला वाटत नाही. मी मागतही नाही. मी तिला बाहेर काढणार आहे आणि गाणं देणार नाही. दोन्ही. यातलं एक निवड, असं मला आजवर सगळ्यांनी सांगितलं. साहेबांच्या खुर्चीने सांगितलं, मॅडमच्या कागदाने सांगितलं, माझ्या सख्ख्या भावाने सांगितलं. निवडायला लावणारे तेच, आणि दोन्ही आमच्याकडून घेणारेही तेच.

मी निवडणार नाही. उद्या ओहोटी सकाळची आहे. चिंबोऱ्या धरून मी थळच्या बाजूच्या बंगल्यांना जाईन. तिथे अजून कोणाला विचारलेलं नाही.